कॅसेटवाल्या गेमचा संग्रह: इंदूरमध्ये सुरुवात कशी करावी

जुने व्हिडिओ गेम जमवायला निघालेला नवखा माणूस बहुधा इंटरनेटवर अमेरिकेतल्या संग्रहांचे फोटो बघतो आणि तिथल्याच वस्तूंच्या मागे लागतो. इंदूरमध्ये राहून हा रस्ता महागात पडतो. मशीन परदेशी, वीज आपली, टीव्ही आपला, त्यामुळे अर्धा वेळ ॲडॅप्टर आणि केबल शोधण्यात जातो. आपल्याकडच्या घरांत जे प्रत्यक्ष खेळलं गेलं तिथून सुरुवात करावी. ते माळ्यावर सापडतं, त्याचे भाग मिळतात आणि ते आपल्या टीव्हीवर चालतं. शिवाय या मालाची नोंद फारशी कुणी ठेवलेली नाही. डब्यासकट, कागदासकट टिकलेलं एखादं देशी मशीन हाती लागलं तर ते जपण्यासारखं आहे.

निन्टेन्डो या जपानी कंपनीचं फॅमिकॉम हे कॅसेटवालं गेम मशीन जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आलं. भारतात ते अधिकृतपणे फारसं पोचलं नाही, पोचल्या त्याच्या नकला. मीडिया कंपनीचं लिटल मास्टर, मायक्रो जीनियस, टर्मिनेटर अशा नावांची ही मशीन्स. या सगळ्यांत फॅमिकॉमचीच ६० पिनांची कॅसेट बसते. निन्टेन्डोच्याच अमेरिकेतल्या एनईएस मशीनची कॅसेट ७२ पिनांची असते आणि कन्व्हर्टरशिवाय इथे बसत नाही. खरेदीआधी हा फरक डोक्यात पक्का असू द्या.

पहिलं वर्ष एकच मशीन आणि त्याच्या कॅसेट एवढ्यावरच राहा. दुसरा पर्याय सोनीची डिस्कवाली पीएस टू (प्लेस्टेशन २), कारण ती अजून बऱ्याच घरांत पडून आहे आणि खालच्या भागात तिच्याबद्दलही सांगितलं आहे. दोन्ही एकदम सुरू केलं तर दोन प्रकारच्या केबल, दोन प्रकारचे दोष आणि दोन प्रकारची साफसफाई एकाच वेळी शिकावी लागते.

माल कुठे मिळतो

आधी नात्यात विचारा. मावशीच्या, आत्याच्या घरी माळ्यावर ‘टीव्ही गेम’ आहे का असं विचारलं तर लोकांना लगेच कळतं. ‘रेट्रो कन्सोल’ म्हणालात तर कुणी उठून शोधणार नाही. दिवाळीआधीचे तीन आठवडे सर्वांत चांगले, कारण माळे तेव्हाच उतरतात. तुमच्या भागातल्या अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, आधीच सांगून ठेवा: गेम, कॅसेट, रिमोट, गन, काहीही आलं तर बाजूला ठेव, वजनाच्या भावापेक्षा जास्त देईन. मशीन तोडून तांबं काढण्याआधी त्याने फोन करावा एवढाच उद्देश.

जेल रोडच्या मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून नवी नक्कल मशीन्स आणि केबल मिळतात. खरा जुना माल दुकानात मांडलेला क्वचितच असतो; तो दुरुस्तीवाल्याच्या मागच्या खोक्यात असतो, आणि तो विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. ॲडॅप्टर, पिन, वायर, मल्टीमीटर यांसाठी महाराणी रोड.

ऑनलाइन घेताना मागितलेल्या किमतीकडे बघू नका. परदेशी साइटवर ‘विकले गेलेले’ असा फिल्टर असतो, तो लावून खरी किंमत बघा. विक्रेत्याकडून चार फोटो मागा: खालचं लेबल, कॅसेटच्या पिना, सेलचा कप्पा आणि चालू असलेला पडदा. तो चौथा फोटो टाळत असेल तर वस्तू बंद आहे असं धरूनच भाव करा. बाहेरदेशातून मागवायचं असेल तर सीमाशुल्क आधी हिशेबात धरा.

पिशवीत काय असावं

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली, कापसाच्या काड्या, मऊ पांढरा खोडरबर, जुना मऊ टूथब्रश, लहान फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, साधा डिजिटल मल्टीमीटर, आणि चालतेच याची खात्री असलेली एक कॅसेट. ही शेवटची वस्तू सर्वांत महत्त्वाची. तुमची खात्रीची कॅसेट नव्या मशीनमध्ये चालली नाही तर दोष मशीनचा, हे दोन मिनिटांत ठरतं. मूळ निन्टेन्डो किंवा सेगा या दुसऱ्या गेम कंपनीच्या कॅसेट उघडायच्या असतील तर ३.८ मिमीचा गेमबिट हा खास स्क्रू ड्रायव्हर लागतो, आणि त्यांची बरीचशी मशीन्स उघडायला ४.५ मिमीचा. निन्टेन्डोच्या हाती धरायच्या गेमबॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटला तीन पात्यांचा स्क्रू असतो. देशी नकलांना या कशाचीच गरज पडत नाही. त्यांच्या कॅसेटला फुलीचा एक स्क्रू असतो किंवा नुसत्या खाचा.

वीज: इथेच सर्वांत जास्त मशीन्स मरतात

जुन्या मशीनसोबत आलेला ॲडॅप्टर सरळ भिंतीत लावू नका. वीस-पंचवीस वर्षांत तो तीनदा बदललेला असतो आणि पिन बसते म्हणून कुणीतरी दुसराच लावलेला असतो.

आधी मशीनच्या पोटावरचं लेबल वाचा. व्होल्ट, एसी की डीसी, आणि पिनच्या आतला भाग धन की ऋण, हे तिथे चित्रात दाखवलेलं असतं. मग ॲडॅप्टर मशीनला न जोडता भिंतीत लावा, मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल काडी पिनच्या भोकात आणि काळी बाहेरच्या धातूला. आकड्याआधी उणे चिन्ह नसेल तर आतला भाग धन, असेल तर ऋण. फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतात आणि आतला भाग ऋण. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्ह मशीनलाही आत ऋण, पण मेगा ड्राइव्ह २ ला आत धन. एनईएसचा मूळ ॲडॅप्टर ९ व्होल्ट एसीचा असतो. तो फॅमिकॉमला किंवा नकलेला लावला तर मशीन जळू शकतं. पिन बसली म्हणून वीज जुळली असं कधीच नसतं.

ट्रान्सफॉर्मरवाला जुना ९ व्होल्टचा ॲडॅप्टर भार नसताना १२-१३ व्होल्ट दाखवतो. तो बिघडलेला नाही, त्याची जातच तशी. तरीही नव्या जमान्याचा रेग्युलेटेड ९ व्होल्ट १ अँपिअरचा घेणं शहाणपणाचं. नकलांच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, तो येईल त्या व्होल्टचे ५ करतो आणि उरलेलं उष्णतेत घालवतो. मशीन अर्धा अँपिअर ओढत असेल तर ९ व्होल्टवर २ वॉट उष्णता, १२ व्होल्टवर साडेतीन वॉट. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असताना हा फरक जाणवतो: अर्ध्या तासाने चित्र विस्कटतं, बंद करून थंड केलं की पुन्हा ठीक चालतं. असं लक्षण दिसलं की आधी ॲडॅप्टर बदला, नंतर रेग्युलेटरच्या मागची धातूची पट्टी सैल आहे का बघा. अँपिअरचा आकडा जास्त असलेला चालतो, व्होल्टचा नाही.

जपानहून आणलेलं पीएस वन किंवा जाडं पीएस टू १०० व्होल्टचं असतं आणि पॉवर सप्लाय त्याच्या पोटातच असतो. आपल्या २३० व्होल्टमध्ये लावलं की संपलंच. त्यासाठी २३० ते १०० व्होल्टचा १०० व्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. बाहेर ॲडॅप्टर असलेल्या मशीनचं लेबल वाचा. त्यावर १००–२४० लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला.

टीव्ही

घरात अजून पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर तो विकू नका. गनवाले गेम त्याच्यावरच चालतात. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि गन तो उजेड ओळखते. सपाट टीव्हीवर चित्र थोडं उशिरा येतं, म्हणून नेम कधीच लागत नाही. ट्यूबचा टीव्ही स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट साठून राहतात. तो दुरुस्तीवाल्याचा प्रांत.

सपाट टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल केबल लावा. बऱ्याच नव्या टीव्हींना हेडफोनसारखं एकच भोक असतं आणि तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. चित्र न येता नुसती भुणभुण ऐकू आली तर केबल बदला, मशीनला दोष देऊ नका. भारतात टीव्हीची पाल पद्धत, सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे पडदा ५० वेळा रंगतो. जपान-अमेरिकेत एनटीएससी, ६०. एनटीएससी मशीन जुन्या नुसत्या पाल टीव्हीवर लावलं तर चित्र कृष्णधवल येतं किंवा वरून खाली लोळतं. मूळ जपानी फॅमिकॉमला तर फक्त अँटेनाची जोडणी असते आणि तिचे चॅनल आपल्याशी जुळत नाहीत. नकलांचा फायदा इथे दिसतो. त्यांतल्या बऱ्याच जुन्या मशीनांत यूए६५२७पी आणि यूए६५३८ ही यूएमसी कंपनीची चिपजोडी असते, जी ५० फील्डवर चालूनही जपानी कॅसेट व्यवस्थित खेळवते. झाकण उघडल्यावर असे सुट्टे मोठे चिप दिसले तर मशीन जुनं आणि ठेवण्यासारखं. एकच काळा डांबरासारखा ठिपका दिसला तर नंतरचं, एका चिपचं. खेळायला ठीक, त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

कॅसेट साफ करणं

बंद पडलेल्या कॅसेटपैकी बऱ्याचशा फक्त मळलेल्या असतात. तोंडाने फुंकर मारायची सवय सगळ्यांना असते. ती सोडा, कारण फुंकरेतली वाफ पिनांवर बसते आणि धातू काळा पडत जातो. फुंकर मारल्यावर गेम लागतो तो बहुतेक वेळा कॅसेट काढून पुन्हा लावल्यामुळे.

कॅसेट उघडा. खाचांची असेल तर जुनं प्लास्टिक कार्ड फटीत घालून हळूहळू फिरवा, धातूचं पातं वापराल तर कड तुटेल. बोर्ड बाहेर काढा. काडी अल्कोहोलमध्ये बुडवून निथळा आणि पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसा, आडवी नाही. काडी काळी होईल. नवी घ्या, तिसरी घ्या, काडी पांढरी राहीपर्यंत दोन्ही बाजू. तरीही डाग राहिले तर खोडरबर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा, मग पुन्हा अल्कोहोल. पिनांवरचा मुलामा अतिशय पातळ असतो, त्यामुळे खोडरबर दरवेळी वापरू नका आणि पॉलिश पेपर कधीच नाही. थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक विरघळवतात, त्यांना जवळ आणू नका. दहा मिनिटं वाळू द्या आणि मगच लावा.

पडदा बघून दोष कुठे आहे ते कळतं. कॅसेटच्या काही पिना प्रोग्रामच्या असतात, काही चित्रांच्या. पडदा एकाच रंगाचा, आवाज नाही: प्रोग्रामच्या पिना लागत नाहीत. संगीत वाजतंय, बटणं काम करतायत, पण माणसाच्या जागी अक्षरांचे तुकडे दिसतात: चित्रांच्या पिना. त्याच बाजूला पुन्हा काडी फिरवा. सगळ्याच कॅसेट एकसारख्या बिघडत असतील तर दोष मशीनच्या खाचेत आहे. जुन्या प्लास्टिक कार्डावर पातळ सुती कापड गुंडाळा, अल्कोहोलने ओलसर करा आणि कॅसेटसारखं चारपाच वेळा आत-बाहेर करा. जाडी कॅसेटच्या बोर्डाएवढीच हवी. जाड वस्तू घातली की आतल्या पिना कायमच्या पसरतात आणि मग एकही कॅसेट घट्ट बसत नाही.

रिमोटची बटणं दाबून लागत नसतील तर आतला रबर काढा. त्याखालचा काळा गोल कार्बनचा असतो, तो अल्कोहोलने एकदाच हलका पुसा. घासला तर कार्बनच निघून जाईल. एखादं बटण वायर हलवल्यावरच चालत असेल तर वायर रिमोटच्या तोंडाशी तुटलेली आहे. तिथून दोन इंच कापून नव्याने सोल्डर करा. नऊ पिनांचा नकलेचा रिमोट आणि सेगाचा रिमोट दिसायला सारखे, आतली जोडणी वेगळी. एकमेकांत लावू नका.

खरं, नक्कल आणि नकलेची नक्कल

‘९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये गेम मोजकेच असतात, बाकी त्यांचेच बदललेले तुकडे. तरी देशी संग्रहात या कॅसेट मानाच्या आहेत, कारण इथल्या मुलांनी बॅटल सिटी आणि कॉन्ट्रा खेळले ते अशाच कॅसेटवर. त्यांना त्यांच्या नावाने ठेवा, मूळ म्हणून विकत घेऊ नका. लेबलची छपाई आणि मेनूच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. एकाच लेबलखाली वेगळे मेनू निघतात, आणि त्यांचा शोध हाच या छंदाचा सर्वांत रंगतदार भाग आहे.

गेमबॉय ॲडव्हान्समध्ये मात्र फसवणूक भरपूर. खऱ्या कॅसेटच्या लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, उजेडात तिरकं धरलं की दिसतात. पिनांच्या वरच्या बोर्डावर निन्टेन्डोचं नाव छापलेलं असतं. विकणारा घाईत असेल तरी गेम सुरू करा, सेव्ह करा, मशीन बंद करा, पुन्हा चालू करून सेव्ह राहिलं का बघा. बनावट कॅसेट इथे पकडल्या जातात.

काही कॅसेटमध्ये सेव्ह टिकवायला सेल असतो. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये सीआर२०२५. तो उतरला की खेळ विसरला जातो, आणि सेल काढतानाही जुनं सेव्ह जातं. बदलताना पत्र्याचे पाय लावलेलाच सेल घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डर केलं तर तो तापून फुटू शकतो.

डिस्कवाली मशीन्स

पीएस वनची मूळ डिस्क खालून काळी असते. पीएस टूची डीव्हीडी चंदेरी, सीडी निळी. खालची बाजू हिरवट-जांभळी झाक मारत असेल आणि लेबल स्टिकरचं असेल तर ती घरी बर्न केलेली. अंधारात मोबाइलचा टॉर्च लेबलच्या बाजूने धरा. टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर आतला चकचकीत धातूचा थर गेलेला आहे, ती घेऊ नका. सीडीत माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, म्हणून वरचा ओरखडा खालच्यापेक्षा घातक. पुसायचं ते मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. टूथपेस्ट लावू नका.

पीएस टू घेताना तीन डिस्क लावून बघा: एक सीडी, एक डीव्हीडी, एक बर्न केलेली. सीडी लागते पण डीव्हीडी अडखळते, किंवा उलट, तर लेन्स थकलेली आहे. बर्न केलेलीही लागत असेल तर मशीनमध्ये चिप बसवलेली आहे. मेमरी कार्ड मूळचं ८ एमबीचं घ्या. भारतात बनलेले हनुमान: बॉय वॉरिअर आणि देसी अड्डा हे २००९ चे गेम पीएस टूवर आले. डब्यासकट, चरा नसलेली प्रत मिळाली तर थांबू नका.

जपणूक

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इंदूरची हवा दमट, आणि पिना काळ्या पडतात त्या याच दिवसांत. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या, १० लिटरच्या डब्याला साधारण १०० ग्रॅम सिलिका जेल, आणि आत छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ६० च्या वर गेला की जेल कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. मात्र रंग बदलणारं निळं जेल स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका, त्यात कोबाल्ट असतं. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ आणि चिकट करते.

वायर मशीनभोवती गुंडाळून ठेवायची सवय मोडा. वायरचं आवरण मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि मशीनच्या प्लास्टिकवर कायमचा खोल वळ उमटतो. थर्मोकोल चिकटून राहिला तर तेच होतं. वायर वेगळ्या कागदात गुंडाळा.

हाती धरायच्या गेममधले सेल काढूनच ठेवा. अल्कलाइन सेल गळून पांढरी बुरशी आली असेल तर व्हिनेगरचे दोन थेंब काडीवर, साध्या स्वस्त सेलचं गळणं असेल तर खायच्या सोड्याचं पाणी, दोन्हीनंतर अल्कोहोल. पिवळं पडलेलं मशीन १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या क्रीमने आणि उन्हाने उजळतं, पण हातमोजे लागतात, लेप सुकला तर पांढरे पट्टे पडतात आणि पिवळेपणा परत येऊ शकतो. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नका.

शेवटचं काम नोंदवहीचं. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि लिहा: कुठून आली, किती दिले, खालच्या लेबलवरचे व्होल्ट आणि ध्रुव, उघडली तेव्हा आत काय दिसलं, कोणता दोष होता, काय बदललं. त्या मशीनचा ॲडॅप्टर त्याच क्रमांकाची चिठ्ठी बांधून ठेवा. वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि दिवाळीच्या सुमारास, सगळं बाहेर काढून प्रत्येक मशीन दहा मिनिटं चालवा आणि तारीख टाका.